खंडेनवमीचा टणत्कार

चहा घ्या आधी, गार होतोय. मीही घेते. नवरात्र सरलं, आता मला चहा चालतो. आठवतंय ना, भोंडल्याला तुम्ही सगळ्याजणी आलं घातलेला चहा पीत होतात आणि मी आपली कोमट पाण्याचा पेला धरून कोपऱ्यात बसले होते? "डाएट का गं?" म्हणून विचारलंतही. डाएट कसलं डोंबलाचं! नवस होता. आणि त्या नवसापायी माझ्या हातून जे होऊन बसलं, ते सांगायचा धीर आज कुठे होतोय. हसा, खुशाल हसा. पण शेवटी मी तुमच्याकडे एक मागणार आहे, ते आत्ताच सांगून ठेवते.

तर नवस असा. जर्सी सिटी सोडून आम्ही इथे चँडलरला आलो ते ह्यांच्या नोकरीसाठी. ह्यांना चिप बनवणारी कंपनी मिळाली, स्वारी खूश! माझं काय, देव्हारा मांडला की माझं घर मांडून होतं. पण मुक्ताचं? पंधराव्या वर्षी पोरीला मैत्रिणींमधून उचलून या वाळवंटात आणून ठेवली आम्ही. भांडली नाही हो ती. रडलीसुद्धा नाही. नुसतं खोलीचं दार लावून घेतलं.

"मुक्ता, जेवायला चल."

"लेटर, आई."

"शाळा कशी होती?"

"फाइन."

त्या दाराशी माझं इतकं बोलणं झालं, इतकं बोलणं झालं, की एव्हाना दाराला मराठी यायला लागलं असेल!

शेवटी मी देवीपुढे पदर पसरला. म्हटलं, "आई अंबाबाई, माझी मुक्ता एकदा आपणहून, मी न बोलावता, हसत हसत जेवायच्या टेबलाशी येऊन बसू दे. येतं नवरात्र चहा सोडीन." आता तुम्ही म्हणाल, चहा सोडणं हा काय नवस झाला? अहो, उपास मला झेपतात. पायी चालायला सांगा, चालेन. पण सकाळचा चहा नसला की माझं डोकं म्हणजे नुसता नारळ, आत पाणी हलतंय तेवढंच. देवाला द्यायचं तर आपल्याला टोचेल असंच द्यावं, असं माझी आई म्हणायची. मी टोचेल असं दिलं. कुणाकुणाला टोचणार होतं ते तेव्हा कुठे ठाऊक होतं!

आमच्या कंपाउंडच्या भिंतीपलीकडे कॅरल राहते. शाळेत शिकवायची, आता निवृत्त. पांढऱ्या केसांची बारीक वेणी घालते आणि आपल्याच तंद्रीत शीळ वाजवत झाडांना पाणी घालते. गेल्या दसऱ्याला मी तिच्याकडे पानं मागायला गेले होते. तिच्या अंगणात ते झाड आहे ना, जोडपानांचं, अगदी आपट्यासारखं? आपला कांचनच तो.

"पानं? खायला हवीत का?" तिनं विचारलं.

"नाही नाही, सोनं म्हणून वाटायला."

"इतकी वर्षं इथे राहतेय," ती म्हणाली, "माझ्या अंगणात सोनं आहे हे कुणी सांगितलंच नाही मला!"

पिशवी धरायला म्हणून मुक्ताला बळंच बरोबर नेलं होतं. कॅरलच्या गॅरेजचं दार उघडं होतं आणि आत भिंतीवर धनुष्य टांगलं होतं. मुक्ता तिथेच थांबली. नुसती बघत राहिली. माझी पानं तोडून झाली तरी ही तिथेच.

तेव्हापासून हळूहळू पोरगी पलीकडे जायला लागली. आणि या नवरात्राच्या तोंडावर एका संध्याकाळी मी पोळ्या लाटत होते, तर खोलीचं दार उघडलं, मुक्ता आली, खुर्ची ओढून टेबलाशी बसली आणि चक्क हसली.

"आई, गेस व्हॉट! कॅरल मला तिचं बो देतेय. ट्राय करायला. फॉर अ होल वीक!"

तव्यावर पोळी जळाली. मी देव्हाऱ्याकडे बघून हात जोडले आणि मनात म्हटलं, गेला माझा चहा!

पाचव्या माळेला कॅरल धनुष्य घेऊन आली. तुमच्या डोळ्यांसमोर रामाच्या हातातलं धनुष्य आलं असेल तर ते आधी पुसून टाका. हे प्रकरण वेगळंच. वरखाली दोन वाकणाऱ्या पाती, त्यांच्या टोकांना दोन चाकं, चाकांवरून आडव्यातिडव्या गेलेल्या दोऱ्या, मध्ये नेम धरायला भिंगासारखं काहीतरी. विहिरीचा रहाट आणि शिवणाचं मशीन यांना मूल झालं तर ते असं दिसेल. कंपाउंड बो म्हणतात.

आमचे हे इंजिनिअर. ते काय नुसतं बघत बसणार? इंडियाला जाताना बॅगा मोजायचा आपला तो हुकाचा काटा असतो ना, तो घेऊन आले. दोरीला अडकवला आणि कॅरलनं धनुष्य धरलं असताना हळूहळू ओढत आकडे वाचायला लागले. "इव्हॅल्युएशन करतोय," म्हणे. बायकोची बॅग कधी इतक्या प्रेमानं मोजली नाही!

कॅरल मुक्ताला समजावत होती. हे धनुष्य अ‍ॅडजस्ट होतं. दोरी किती मागे यावी, ओढायला किती जोर लागावा, सगळं एका किल्लीनं कमीजास्त करायचं. निशाण्यावर मारायला हलकं ठेवा, शिकारीला जड करा, धनुष्य तेच. मला एकदम पटलं. ब्लाउज शिवताना आत माया सोडतात, तसंच की हे! अंग भरलं की उसवायची, वाळलं की पुन्हा टीप घालायची.

"माझा खांदा गेल्यापासून मी दरवर्षी हा स्क्रू थोडा थोडा सैल करत आले," कॅरल म्हणाली. "आता याच्याखाली ते जात नाही. माझं संपलं. पण मुक्ताला सुरुवात करायला हेच बरोबर आहे. मी जिथे उतरले तिथून ती चढेल."

एवढं बोलून तिनं धनुष्यावरून हात फिरवला. म्हशीच्या पाठीवरून गवळी फिरवतो ना, तसा. तो हात माझ्या डोळ्यांसमोरून अजून जात नाही.

मग मुक्तानं ओढून बघितलं. पहिल्यांदा दात-ओठ खाऊन, आणि मागे आल्यावर एकदम चेहरा सैल. "इट्स सो लाइट नाऊ!" ह्यांनी काटा दाखवून कारण सांगितलं, चाकं फिरली की जोर कमी लागतो वगैरे. मला काट्याशिवाय कळलं. उपासासारखंच आहे ते! दुपारपर्यंत जड जातं, जीव नकोसा होतो. ती वेळ एकदा सरली की मग हलकं हलकं वाटतं.

"रविवारपर्यंत तुझ्याकडेच ठेव," कॅरल मुक्ताला म्हणाली. "हातात धरून बघ, वजन बघ, आपलं वाटतं का बघ. रविवारी आपण रेंजवर जाऊ, मग ठरव. बाण मात्र माझ्याकडे राहतील. म्हणजे कुणाला काही इजा व्हायला नको."

याच्यापुढे तिनं आणखी काहीतरी फार महत्त्वाचं सांगितलं. बोट वर करून, शाळेतल्या बाईंसारखं. मी ऐकलं नाही. मी स्वयंपाकघरात होते. साबुदाण्याचे वडे करपत होते! एका वड्यानं माझा घात केला, एवढंच आत्ता लक्षात ठेवा.

मुक्तानं धनुष्य पेटीत घालून पेटी कपाटावर ठेवली. "आई, प्लीज, डोंट टच इट. ओके?"

"मी कशाला हात लावतेय त्याला? मला काय करायचंय?"

खरंच हो, काही करायचं नव्हतं मला. पण दोन दिवसांनी मी मागच्या अंगणात तुळशीला पाणी घालत होते आणि भिंतीपलीकडून दोघींचं बोलणं कानावर आलं.

"रविवारी सुरुवात हरणापासून करू," कॅरल म्हणत होती. "मग अस्वल."

"व्हेअर डू आय शूट?"

"खांद्याच्या जरा मागे, खालच्या अंगाला. तिथे काळीज असतं. तिथे लागलं की झालं."

"ऑसम!" म्हणाली माझी मुलगी.

माझ्या हातातला तांब्या तुळशीतच पडला. ऑसम? हरणाचं काळीज? जी पोरगी लहानपणी मुंगी मेली म्हणून जेवली नव्हती, ती?

आता तुम्ही म्हणाल, एवढा कशाला संशय घ्यायचा? अहो, कॅरल खरंच शिकारीला जायची! खांदा धड होता तोवर दर वर्षी उत्तरेला डोंगरात जायची. तिच्या फ्रीझरमध्ये काय काय आहे, हे तिनं मला एकदा कौतुकानं उघडून दाखवलंय. मी त्यानंतर घरी येऊन डोक्यावरून न्हाले होते. बाई सोन्यासारखी, पण फ्रीझर तसला. आणि रेंज म्हणजे मला डोंगराची रांगच वाटली. मी काय समजणार?

सरळ विचारायचं मुक्ताला. "काय गं, रविवारी काय आहे?" एवढंच. पण विचारलं आणि तिनं पुन्हा दार लावून घेतलं तर? ती टेबलाशी येऊन बसते, हसते, पाण्याचा तांब्या आपणहून भरून ठेवते, ते सगळं एका प्रश्नानं मोडलं तर? ह्यांनाही विचारलं नाही. हे लगेच तिच्यासमोरच बोलून मोकळे होतात. माझी खोडच ही, माणसाला विचारायचं ते मी देवाला विचारते. देव दार लावून घेत नाही ना!

आणि नेमकी खंडेनवमी आली.

खंडेनवमीला आपण शस्त्रं पुजतो. माहेरी काय, विळी, कात्री, अडकित्ता, अण्णांची स्कूटर. इथे आल्यापासून मी ह्यांचा लॅपटॉप, मिक्सर आणि गाडी पुजत होते. मिक्सरला शस्त्र म्हणताना मलाच कसंसं व्हायचं. आणि यंदा घरात खरंखुरं शस्त्र! तेही असलं, की मला देवीशी त्याच्याविषयी दोन शब्द बोलायचेच होते. म्हटलं, आपण पेटी उघडू, हळदकुंकू वाहू, देवीला सांगू आणि होतं तसं ठेवून देऊ. मुक्ताला कळणारसुद्धा नाही.

सकाळी हे कामावर, मुक्ता शाळेत. मी न्हाऊन, पैठणी नेसून, पाट मांडून तयार. चहा नाही. डोक्यात नारळ.

पेटी उघडली. ओल्या फडक्यानं धनुष्य पुसलं. हळदकुंकू लावलं, वरच्या पातीला, खालच्या पातीला. नेम धरायच्या भिंगालाही एक बोट लागलं, म्हटलं डोळा आहे तो, त्यालाही हवं. अक्षता वाहिल्या त्या चाकांत जाऊन बसल्या. चाक जरासं कुरकुरतंय असं वाटलं म्हणून तुपाचं बोट फिरवलं. दोरीला झेंडूची माळ बांधली, चांगली घट्ट. आणि हात जोडून म्हटलं, "आई, या धनुष्यानं कुठल्याही मुक्या जिवाचा प्राण जाऊ देऊ नकोस. एवढं ऐक माझं."

लक्षात ठेवा हं हे मागणं. शब्दन् शब्द लक्षात ठेवा.

तेवढ्यात व्हिडिओ कॉल आला. माझ्या थोरल्या जाऊबाई, माईवहिनी, सांगलीहून. त्यांची तिकडे रात्रीची जेवणं झाली की त्यांना आमच्या पूजा तपासायच्या असतात. मी फोन घटामागच्या नारळाला टेकवला.

"अगंबाई! हे काय यंत्र?"

"धनुष्य आहे वहिनी. मुक्ताचं."

"धनुष्य? आणि नुसतं निजवून ठेवलंयस पाटावर? आपले मामंजी तलवार पुजायचे तेव्हा म्यानातून काढून एकदा हवेत फिरवायचे. शस्त्र चालवल्याशिवाय पूजा पुरी होत नाही, माहितीय ना?"

"बाण नाहीत हो वहिनी."

"बाण कशाला हवाय? टणत्कार कर! दोरी ओढायची आणि सोडायची. धनुष्याचा टणत्कार झाला की घरातली पीडा पळते."

पीडा म्हटल्यावर माझ्या डोळ्यांपुढे रविवारचं हरीण आलं. आणि बाण नाही म्हणजे बिनविषारी साप! कॅरलच नव्हती का म्हणाली, बाण माझ्याकडे राहतील म्हणजे कुणाला इजा नको?

मी धनुष्य उचललं. मुक्ताची नि माझी उंची एकच, आणि कॅरलचा तो स्क्रू पार खालपर्यंत सैल केलेला. शिवाय जन्मभर कणीक मळलेले हात हो हे! देवीचं नाव घेतलं आणि ओढली. आधी जड, जड, जड... आणि मग एकदम हलकं! देवी प्रसन्न झाली असंच वाटलं मला. पैठणी, नथ, हातात ताणलेलं धनुष्य!

"वा गं वा! महिषासुरमर्दिनी दिसतेस!" माईवहिनी तिकडून टाळ्या वाजवतायत.

मग माझ्या लक्षात आलं की हे खाली कसं ठेवायचं ते मला माहीत नाही.

हळूच सैल करायला गेले तर दोरीनं असा हिसका दिला की मी पाटावरून देव्हाऱ्याकडेच निघाले. घाबरून पुन्हा मागे ओढली. आता ओढूनही धरवेना, सोडूनही देववेना.

"वहिनी, आता काय करू?"

"सोड की!"

"भीती वाटते हो!"

"अगं सोड, सोड! मुहूर्त जाईल!"

सोडली.

टणत्कार? अहो, टणत्कार नाही झाला, स्फोट झाला! कुकरचं झाकण उडावं तसा आवाज. चाकांतल्या अक्षता गोळ्यांसारख्या भिंतींवर बसल्या. समई विझली. दोरी सुटून हातावर सपकन बसली, कोपरापासून मनगटापर्यंत वळ. देवाची कृपा म्हणून डोळे वाचले. फोन घटात पालथा पडला, आणि नऊ दिवसांच्या उगवलेल्या धान्यातून माईवहिनींचा आवाज येतोय, "काही दिसत नाही गं! नुसतं हिरवं हिरवं दिसतंय! झाला का टणत्कार?"

झाला होता. एक चाक वाकडं झालं होतं, दोऱ्या आतड्यांसारख्या लोंबत होत्या, वरच्या पातीला उभी चीर गेली होती. झेंडूची माळ मात्र जागच्या जागी.

मी ह्यांना फोन लावला.

"अगं मीटिंगमध्ये आहे."

"अहो, ते धनुष्य... पूजेत जरासं..."

"जरासं काय?"

"दोरी ओढून सोडली."

पलीकडे ह्यांची खुर्ची सरकल्याचा आवाज. "बाण लावला होतास?"

"छे! असं कसं? सगळं अहिंसेनं केलं."

"अरे देवा! ड्राय फायर! अगं, सगळा जोर बाणातून बाहेर जातो. बाण नसला की तो धनुष्यातच फिरतो आणि ते फुटतं. कॅरलनं सांगितलं नव्हतं का? पहिला नियमच तो!"

"मी वडे तळत होते."

"बाण लावला असतास तर भिंतीला भोक पडलं असतं. ते बुजवता तरी आलं असतं."

"म्हणजे बाण लावायला हवा होता?"

"म्हणजे हात लावायला नको होता!"

दुपारी मुक्ता आली. मी सगळं पाटावर ठेवून वर शाल पांघरली होती, का ते मला विचारू नका. तिनं शाल उचलली. मग म्हणाली, "आई, हे काय केलंस तू?"

किती महिन्यांनी पोरगी पूर्ण वाक्य मराठीत बोलली. आणि बोलली ते हे.

खोलीत गेली. दार लागलं.

मी दाराशी जमिनीवर बसले, पैठणीसकट. सॉरी म्हटलं. दार गप्प. मग मनातलं सगळं बाहेर आलं. "मुक्ता, मला भीती वाटली गं. तू रविवारी हरीण मारणार म्हणून. म्हणून देवीला सांगायला गेले."

मग आतून, "व्हॉट डिअर?"

"रविवारचं. काळजात मारायचं ते. आणि अस्वल."

"आई." दाराच्या अगदी जवळून आवाज आला. "इट्स फोम. रेंज म्हणजे प्रॅक्टिस ग्राउंड, तिथे फोमचे प्राणी असतात. टार्गेट्स. मी कशाला हरीण मारीन?"

फोम! आपल्या सोफ्यात असतो तो!

"यू कुड हॅव जस्ट आस्क्ड मी," ती म्हणाली. "का नाही विचारलंस?"

"तू दार लावून घेशील म्हणून."

बोलले आणि माझं मलाच ऐकू आलं. बंद दाराशी बसूनच सांगत होते हो मी हे!

थोड्या वेळानं दार उघडलं. डोळे लाल. तिनं सरळ जाऊन पाटावरचं धनुष्य शालीसकट उचललं आणि म्हणाली, "चल. आपण दोघी सांगू."

कॅरलनं दार उघडलं. मी शब्द जुळवत होते, तोवर तिनं शाल बाजूला केली. चिरलेल्या पातीवरून बोट फिरवलं. बोट पिवळं झालं.

"हे काय?"

"हळद. आम्ही आज शस्त्रांची पूजा करतो. त्यांचे आभार मानतो."

तिनं आधी माझा हात बघितला. वळ बघून आत गेली, बर्फ आणला, धरून बसली. रागावली असती तर किती बरं झालं असतं! वर म्हणते, "माझीही चूक झाली. बाण ठेवून घेतले आणि वाटलं, आता काळजी नाही."

"दुरुस्त होईल ना?" मुक्तानं विचारलं.

"नाही हनी. जुनं आहे. याच्या पाती आता बनत नाहीत." मग माळेला हात लावून मला म्हणाली, "ही गाठ तुमची का? सगळं फुटलं, पण गाठ टिकली."

हसले मी. आणि हसता हसता रडले, कारण ती हसत नव्हती.

दसऱ्याला पानं घेऊन कॅरलकडे मुक्ताच गेली, कॅरलच्याच झाडाची. "सोनं घ्या" मराठीत म्हणाली म्हणे. रविवारी मीही रेंजवर गेले. झुडपांत ते हरीण उभं होतं, अंगभर भोकं पडलेलं, बिचारं. मी हळूच हात जोडले.

"आई, डोंट," मुक्ता म्हणाली. "प्लीज. आणि पर्समधून कुंकू काढू नकोस."

काढणारच होते!

क्लबची धनुष्यं होती, एकेक करून तिनं ओढून बघितली. हे हिसका देतं, ते आवाज करतं, ते हाताला परकं वाटतं. "कॅरलचं सॉफ्ट होतं," एवढंच म्हणाली, माझ्याकडे न बघता. अजून तिचं ठरलेलं नाही. इव्हॅल्युएशन चालू आहे. जेवायला येते, आपणहून येते. पण त्या संध्याकाळसारखी हसत नाही अजून. तसं हसू पुन्हा जमायला वेळ लागेल, आणि मी यंदा त्याच्यासाठी नवस बोललेले नाही.

कॅरलनं ते मोडकं धनुष्य तिच्या पडवीत टांगलंय. हळद पुसू देत नाही. मी तिच्या कांचनाला पाणी घालायला गेले की दिसतं, आणि दर वेळी आठवतं की देवीनं माझं मागणं किती तंतोतंत ऐकलं. त्या धनुष्यानं आता जन्मात कुणाचा प्राण जायचा नाही. फोमच्या हरणाचासुद्धा!

तर आता माझं मागणं. मी नवा नेम धरलाय, तुम्हीही धरा. घरातल्या माणसाविषयी काही खुपलं तर देव्हाऱ्यापाशी जायच्या आधी त्या माणसापाशी जायचं. आणि ज्याचं त्याला विचारल्याशिवाय कशालाही हळदीचं बोट लावायचं नाही. यात उपास नाही, उद्यापन नाही. तुमच्याही घरी एखादं दार बंद असेलच. आज घरी गेल्यावर ते वाजवा, काय विचारायचं ते सरळ विचारा. जाताना हातात चहाचे दोन कप असू द्या. आणि काहीही सोडा बायांनो, पण तुम्हाला माझी शपथ, चहा सोडू नका!